काचेवरचा हात

भीमराव कॅनडातल्या सस्काटूनच्या खाणीत सेफ्टीचं काम बघायचे. रिटायर होऊन लेकीकडे टोरांटोजवळ स्कारबरोला आले, पण खाणीतली शिस्त काही सुटली नाही. प्रीतीला त्यांनी लहानपणापासून एकच घोकवलेलं: माणूस पडला की आधी धावायचं, चौकशी मागाहून. पोरगी तशीच निघाली. आणि तेच तिच्या अंगाशी आलं, बघा.

एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीत रस्त्याकडेला एक गाडी उभी होती. आत एक म्हातारे गृहस्थ स्टिअरिंगवर मान टाकून पडलेले. प्रीतीनं निळा झेंडा काखेत मारला आणि काचेवर धाडधाड मुठी आपटल्या. त्यांनी डोळे उघडले, कसंबसं दार उघडलं, ॲम्ब्युलन्स आली, घेऊन गेली. झालं, संपलं! पण कुणीतरी नेमका तोच क्षण टिपला: उगारलेली मूठ, ओरडणारं तोंड, आत भेदरलेला म्हातारा. एका सोशल मीडिया साइटवर टाकला आणि वर लिहिलं, 'परदेशी जमावाचा वृद्धावर हल्ला.' परदेशी म्हणे! पोरगी जन्मली सस्काटूनला.

बघता बघता फोटो ती ज्या डेकेअरमध्ये मुलं सांभाळायची, तिथल्या पालकांपर्यंत पोचला. शुक्रवारी मीटिंग आहे, तोवर घरीच थांब, असं मॅनेजरबाईंनी सांगितलं.

"पप्पा, they're saying, या बाईच्या हातात मुलं कशी द्यायची?" एवढं बोलून ती बेसमेंटमध्ये जाऊन बसली. भीमरावांनी फोन काढून ती पोस्ट उघडली.

त्या साइटवर एक सोय होती. खोट्या पोस्टखाली कुणीही खुलासा लिहायचा, बाकीच्यांनी तो उपयोगी की निरुपयोगी ते ठरवायचं. भीमरावांना त्याचा भारी नाद. आंबेडकर असोसिएशनच्या मंडळींनाही त्यांनीच तो लावलेला. त्यांनी मिरवणुकीचा अख्खा व्हिडिओ जोडून खुलासा लिहिला आणि ग्रुपवर टाकलं, "जय भीम. सगळ्यांनी 'उपयोगी' दाबा." दाबलं की सगळ्यांनी! या लोकांत कुणाच्या दारात बर्फ साचला तरी हाक मारायची खोटी, सगळे फावडी घेऊन हजर.

नेमकी इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा लोकांनी होकार दिला, तरच खुलासा वर येतो. एकाच गोटातली माणसं कितीही आली तरी त्या साइटला त्याचं काही नाही. हा नियम भीमरावांना तोंडपाठ होता हो! पण लेकीवर आल्यावर नियम कुणाला सुचतो?

मग ते मान खाली घालून पलीकडच्या गल्लीतल्या रवींद्ररावांकडे गेले. रिटायर्ड इंजिनियर, शेजारधर्माला चांगले, पण ऑनलाइन असोसिएशनच्या लोकांशी त्यांचा रोजचा वाद.

"रवींद्रराव, हा फोटो आपल्या प्रीतीचा आहे."

रवींद्ररावांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, मी तर या खुलाशाला निरुपयोगी दाबलंय! तुमचे सगळे एकदम आलेले दिसले, म्हटलं टोळी आहे. वाचलंच नाही मी."

"आता वाचा. हात जोडतो."

त्यांनी वाचलं, व्हिडिओ पाहिला. "माझ्या बायकोला, उमाला चक्कर आली तेव्हा हीच धावली होती ना," असं म्हणून स्वतःचं मत बदललं आणि आपल्या मित्रांना फोन लावत बसले. "दाबा म्हणत नाही, फक्त वाचा," असं प्रत्येकाला सांगत होते.

गुरुवारी दुपारी खुलासा पोस्टखाली झळकला. भीमराव जिन्यावरूनच ओरडले, "प्रीती, वर ये! आला!"

ती धावत वर आली. त्यांनी पान पुन्हा उघडलं, तर पोस्टच गायब. खुलासा दिसताच त्या भामट्यानं पोस्ट काढून टाकली होती. पोस्ट गेली, तिच्यासोबत खुलासाही गेला. लोकांनी उचलून जिथंतिथं डकवलेले फोटो मात्र तसेच राहिले, खाली एक अक्षरही नाही. भीमराव वेड्यासारखे एकेका फोटोखाली पुन्हा तेच लिहीत सुटले. शेवटी प्रीतीनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

शुक्रवारी मॅनेजरबाई म्हणाल्या, आमचा तुझ्यावर विश्वास आहे, पण पालक ऐकत नाहीत. प्रीती आपला मग आणि मुलांनी काढलेली चित्रं घेऊन परत आली. भीमराव दारातच उभे होते.

"पप्पा," ती बूट काढता काढता म्हणाली, "पुढच्या जयंतीला मी येईन. पण कुणी पडलं ना, तर हात खिशात ठेवीन."

असं बोलू नये बाळा, हे शब्द भीमरावांच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले आणि तिच्या हातातली चित्रं घेतली.