दोनदा नको

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण माझं ठरत आलेलं लग्न मी माझ्याच शहाणपणानं मोडायला निघाले होते.

मी वऱ्हाडातल्या केनवडची, नोकरीला पुण्यात. तिथं मी वेगळीच असते. हळू बोलते, बेतानं हसते, कुणी नको म्हटलं की लगेच थांबते. तिथल्याच निनादशी माझं जमलं. त्याचे आईवडील पहिल्यांदा केनवडला आमच्या घरी यायचे ठरले, तेव्हा मी बाबांना तंबी दिली, "जेवताना आग्रह करायचा नाही. नको म्हणजे नको. गावंढळ वाटू आपण."

"पाहुन्याले अर्धपोटी धाडू काय मंग?" बाबा म्हणाले.

"वाढणार मी आहे. तुम्ही गप्प बसायचं."

निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी, सगळं साग्रसंगीत. पहिली वाढ झाली. मग मी रोडग्यांचं टोपलं घेऊन अगदी सभ्यपणे विचारलं, "आणखी घ्याल?"

निनादची आई म्हणाली, "नको." मी पुढं. त्याचे वडील म्हणाले, "नको, नको." मी आणखी पुढं. निनादसुद्धा नको म्हणाला. बाबांचा हात टोपल्याकडं गेला, मी डोळे वटारले. जेवणं झटक्यात उरकली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

हात धुऊन येताना निनादची आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. भरलेल्या टोपल्याकडं बघत हळूच म्हणाली, "अगं, तुमच्याकडचा तो आग्रह कधी सुरू होतो?"

"म्हणजे?"

"निनादनं बजावलं होतं, तिकडं दोनदा नको म्हणायचंच असतं, नाहीतर हावरट दिसतो. आम्ही सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय गं."

आता सांगा, तोंड कुठं लपवू? ते बिचारे वऱ्हाडी होऊन बसलेले, मी पुणेकर होऊन वाढतेय, आणि पाहुणे उपाशी!

मग मात्र माझ्यातली केनवडची पोरगी उसळली. ओढणी खोचली आणि ओरडले, "बसा खाली सगळे. कोनी उठाचं नाई. बाबा, तूप आना!"

बाबा तर सुटलेच. निनादच्या वडिलांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"काहून नको? एवढ्याशानं काय होते?" मी म्हटलं, आणि बाबांनी बोटांच्या फटीतून तूप सोडलं. निनादनं पट्टा सैल केला. त्याच्या आईनं तिसरा रोडगा मागून घेतला. काय सांगू, पंगत जिंकली मी!

निघताना निनादची आई बाबांना म्हणाली, "मुलगी आम्हाला फार आवडली. पण सुरुवातीला वाढत होती, ती कोण होती हो?"

बाबा शांतपणे म्हणाले, "पुन्याहून आलती कोनीतरी. गेली वाटते."