गाय घरीच राहिली

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले आणि धरमपेठेत एका घराच्या मागच्या अंगाला खोली घेऊन राहू लागले. त्याआधी मी वणीला आईकडे होते. भावाचं लग्न झालं, दोन खोल्यांच्या घरात माझी गादी कुठे घालायची असा प्रश्न पडायला लागला, आणि तेवढ्यात ही नोकरी लागली. सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. मलाही झालं, असं पहिले काही महिने मी स्वतःला सांगत होते.

मला पालीची भीती वाटते. वणीला पाल दिसली की मी किंचाळायची, भाऊ खराटा घेऊन धावत यायचा, आई हसायची. धरमपेठेत एका संध्याकाळी शाळेतून आले, तर पाल दाराच्या कडीवरच बसलेली. घरमालक लग्नासाठी भंडाऱ्याला गेले होते. मी किंचाळले नाही. ऐकायला कोणी नसलं की माणूस किंचाळत नाही, हे मला तेव्हा कळलं. पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले. दिवेलागण झाली, शेजारून फोडणीचा वास आला, आणि केव्हातरी पाल आपणच निघून गेली. आत जाऊन चहा केला आणि तेवढ्यावरच आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गाला सरपटणारे प्राणी शिकवायचे होते. पाल डोक्यातून गेली नव्हती. मी मुलींना सांगितलं, वहीत लिहा, सगळ्यात जास्त भीती कोणत्या प्राण्याची वाटते आणि का. मग एकेकीला उभं करून वाचायला लावलं. निम्म्या वर्गाने साप लिहिला होता, आणि त्यातल्या बहुतेकींनी तो फक्त नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीत पाहिलेला. एकीने वाघ लिहिला. झुरळ, कारण ते उडतं. वटवाघूळ, कारण ते केसांत अडकतं असं तिची काकू म्हणते. जे कधी पाहिलं नाही त्याच्याबद्दल मुली अगदी भरभरून बोलत होत्या. वर्गात मजा येत होती.

मागच्या बाकावर उमरेडच्या पुढच्या एका खेड्यातली मुलगी बसायची. त्याच वर्षी आमच्या शाळेत आलेली, वसतिगृहात राहणारी, अंगाने लहानखुरी. तिचा नंबर आला तेव्हा ती उठून म्हणाली, "गाय."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग सावरून विचारलं, का गं? ती न सांगताच खाली बसली. वह्या तपासताना तिच्या वहीत पाहिलं, 'गाय' आणि खालच्या ओळीत 'कारण', पुढे कोरं पान.

मधल्या सुट्टीत मी तिला बोलावून घेतलं. तिने माझं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "सांगून काय होते, बाई?"

त्यात उद्धटपणा नव्हता. खरंच विचारत होती.

आठवड्याभराने शाळा सुटल्यावर मी पोस्टात निघाले होते. वसतिगृहाच्या रस्त्यावर कडुलिंबाखाली तीन-चार गाई बसल्या होत्या, नागपुरात बसतात तशा, भर रस्त्यात. सायकली आणि रिक्षा त्यांना वळसा घालून जात होत्या. अलीकडे, भिंतीला पाठ लावून, दप्तर छातीशी धरून ती मुलगी उभी होती. विचारलं तर म्हणाली की रोजच थांबते, गाई उठून गेल्या की जाते. उशीर होतो म्हणून वसतिगृहात रोज बोलणी बसतात. का उशीर होतो ते तिने तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा सांगितलं तर वर्ग हसला होता, त्यानंतर ती कशाला सांगेल?

मी गाईंच्या बाजूने चालायला लागले. तिने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि पलीकडे पोचल्यावर सोडलं.

त्या दिवसापासून मी रोज तिला पोचवायला जायला लागले. माझी खोली उलट्या दिशेला होती, पण मला तरी कुठे घाई होती? शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका घंटा झाली की घाईने निघत. कुणाचं मूल शेजारणीकडे असे, कुणाच्या सासूला वेळेवर चहा लागे. आम्ही दोघीच रमतगमत चालायचो. ती फार बोलत नसे. मी झाडांची नावं विचारायची आणि तिला माझ्यापेक्षा जास्त येत.

दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस राहिले तेव्हा तिने चालता चालता सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

गाय घरचीच होती. तिच्या आईने वासरू होती तेव्हापासून वाढवलेली, आईचा आवाज आला की हंबरणारी. उन्हाळ्यात ती व्याली. तिसऱ्या दिवशी आई वासराला बांधायला वाकली आणि गाईने शिंग खुपसलं. बैलगाडीतून उमरेडला नेता नेता वाटेतच आई गेली. हिने आईचं डोकं मांडीवर धरलेलं होतं. पुढे ती गाय कोणी विकत घेईना. खाटकाला द्यायला बापाचं मन होईना. घरात पाठची दोन भावंडं, त्यांना दूध लागायचं. ही मात्र अंगणात पाऊल टाकेना, दोन दोन दिवस शेजारच्या घरीच पडून राहायची. शेवटी मामाने नागपूरला आणून शाळेत घातलं.

"माय गेली," ती म्हणाली. "गाय घरीच राहिली. मलेच बाहेर पाठवलं."

वसतिगृहाच्या फाटकाशी आल्यावर तिने विचारलं, सुट्टी लागली की तुम्ही माझ्यासंगं घरी चालता का, निदान अंगणापर्यंत?

मला वणीला जायचं होतं. पण भावाचं पत्र आलं होतं की त्याच्या सासरची माणसं दिवाळीला राहायला यायची आहेत, तू मागाहून ये. म्हणून मी हो म्हटलं.

एसटीने उमरेड, तिथून दुसरी गाडी, मग पायवाट. अंगणात तांबडी, बुटकी गाय खुंट्याला बांधलेली, कडबा खात होती. आम्हांला पाहून तिने मान वर केली आणि परत खाली घातली. वाटभर माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी भलतंच जनावर होतं. ही कोणाच्याही घरची गाय होती. वाघाला आपण घरापासून लांब ठेवतो. हिला मुलीच्या आईने हाताने चारून मोठं केलं होतं.

मुलीचा बाप बाहेर आला. आम्हांला पाहून त्याने गाय सोडली, घरामागे नेली आणि दोर धरून तिथेच उभा राहिला. मग मुलीने माझा पदर सोडला आणि अंगण ओलांडून एकटी आत गेली. दोन्ही भावंडं तिला बिलगली.

बापाने स्वतः चहा केला. मला दुधाचा दिला, मुलीला न विचारता कोरा. मी निघताना तो बांधापर्यंत आला.

"थे माह्याशी बोलत नाही, बाई," तो म्हणाला. "काहून बोलत नाही, मले मालूम आहे."

मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ द्या. दुसरं काय म्हणणार होते? परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा उमरेडपासून नागपूरपर्यंत रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेवर मी पिशवी ठेवून बसले.

सुट्टी संपली, ती आली नाही. मुख्याध्यापिकांकडे चिठ्ठी आली की घरी लहान मुलांकडे बघायला कोणी नाही. तरी सवयीने काही दिवस मी शाळा सुटली की त्याच रस्त्याने जात राहिले. वसतिगृहापर्यंत जाऊन परत यायची. मग तेही सुटलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा बाप शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला. कचेरीबाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसला होता. मी पोरीचं विचारलं. बरी आहे म्हणाला, स्वयंपाक करते, पोरांना अंघोळी घालते, दूधही तीच काढते.

मी चमकले. विचारलं, तिची भीती गेली?

त्याने मान हलवली. "नाही, बाई. भेतेच. पन मी वावरात राहतो, दुसरं कोन काढन?"

शिपायाने दाखला आणून दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि उठला. तिला काही निरोप द्यावा असं मला फार वाटलं. शेवटी म्हटलं, बाईंनी विचारलं म्हणून सांगा.

तो हो म्हणाला आणि बसस्टँडच्या दिशेने चालायला लागला. माझा पुढचा तास होता. मी वर्गात गेले.