चकतीत अडकणारा दाणा

पीएच.डी. होऊन माझ्या नावापुढे डॉक्टर लागलं आणि आईच्या डोक्याला ताप झाला. मोताळ्याच्या बाजारात शेजारीण तिला हमखास गाठायची, "तुई पोरगी डॉक्टर हाय, मंग सुई काऊन देत नाही?" आई चार बायांत कधी हार जाणारी नाही, पण इथे ती पिशवी उचलून चालती व्हायची. यंदा मी सुट्टीला आले तशी तिने तंबीच दिली, "जायच्या आंधी मले समजंन असं सांग."

मी लागले सांगायला. हिवतापाच्या जंतूला प्युरीन नावाचा माल स्वतः बनवता येत नाही, तो आपल्या रक्तातून उचलतो. त्या मालाला कामाजोगं करणारं त्याचं एक एन्झाइम असतं. इथवर आले आणि आईने जांभई दिली. इतकी वर्षं घासली ती काय जांभईसाठी? मी तणतणत अंगणात गेले.

तिथे बाबा पेरणीआधी टोकण यंत्र तपासत होते. चाक फिरत होतं, पण सोयाबीनचा एक दाणा खाली पडेल तर शपथ. एकेक दाणा उचलून खाली सोडणारी चकती घाईघाईत त्यांनी ज्वारीची बसवली होती. तिची भोकं बारीक, सोयाबीन शिरणार कुठून? मी आईला हाताला धरून बाहेर आणलं.

"हे पाह्य, एन्झाइम म्हंजे हे चकती. कोनता दाना घ्याचा ते भोकाचा आकार ठरवते. आपल्या आंगात बी अशीच चकती हाय, ते दोनच जातीचे दाने घेते. जंतूच्या चकतीचं भोक जरासंक येगळं, ते तिसरा बी घेते. मी त्या भोकात जाऊन अडकंन असा खोटा दाना शोधून राह्यली. चकती अडली का जंतू उपाशी."

आईने भोकांवरून बोट फिरवलं. "आन् आपल्या चकतीत नाही ना अडकनार तो?"

"तेच तं समदं काम हाय, माय." मी आनंदाने तिला मिठीच मारली. बाबा हसत चकती बदलू लागले.

पुढच्या बाजारात मीही आईसोबत होते; मिरच्या निवडताना शेजारणीने पुन्हा तोच प्रश्न काढला. आई तयारच होती. "माही पोरगी खोटा दाना बनवते."

शेजारणीच्या हातातली मिरची खाली पडली. बोगस बियाण्याने पोळलेला आमचा मुलूख. तिचं शेत मीच बुडवलं असावं, अशा नजरेने ती माझ्याकडे बघू लागली. मी तोंड उघडणार, तोच आईने माझा हात दाबला आणि मिरचीच्या ढिगापाशी उभ्या उभ्या चकती, भोक, तिसरा दाणा, सगळं सांगितलं. चूक एकही नाही.

"मंग सुई?" शेजारीण म्हणाली.

"सुई कोनी बी देईन," आई म्हणाली. "सुईत काय भराचं, ते हे पाह्यते."