मोठ्या बाई आणि मिटलेला अहवाल

बोटींच्या कचेरीतल्या मोठ्या बाईंना वाचता येत नाही, अशी कुजबुज एके काळी तिकीटखिडकीपासून धक्क्याच्या टोकापर्यंत होती. ती पसरवण्यात माझाही हातभार होता, नाकारत नाही. इतकी चवदार बातमी पोटात ठेवली तर मला पचत नाही.

पुरावा शिपायाचा. अहवाल टेबलावर मिटलेला, आणि बाई समोरच्या निरीक्षकाला म्हणतात, "तुम्हीच सांगा." रोज. प्रत्येकाला.

आता बाईंचं काम ऐका. नदीवरच्या प्रत्येक फेरीबोटीला दरवर्षी प्रमाणपत्र लागतं, की ही बोट माणसं न्यायला लायक आहे. त्यावर शेवटची सही बाईंची. बोटी एकशे बारा, एकेकीचा अहवाल साठ-सत्तर पानांचा, आणि सगळे येणार शेवटच्या सहा आठवड्यांत. मुदत संपली की कागद नसलेली बोट धक्क्याला बांधलेली. पलीकडे इस्पितळ, शाळा, निम्म्या गावाच्या नोकऱ्या. सही अडवली तर लोक अंगावर येणार. न वाचता केली तर... ते वाक्य बाई कधी पुरं करत नसत.

म्हणून आधी त्या ओळ न् ओळ वाचत. घरी निवांतपणा नाही, म्हणून संध्याकाळी नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसत. नवरा शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. बायको साहेब आणि नवरा शिंपी, यावर आम्ही पुष्कळ जिभा चालवून पाहिल्या. पण दोघांचं छान चाललं होतं, त्यामुळे विषय लवकर आटला. कपडे घालून बघायच्या खोलीत बाई स्टूल टाकून वाचत. बाहेर गिऱ्हाईक पँट हातात धरून ताटकळत, आणि आतून पानं उलटल्याचा आवाज. त्या महिन्याभरात बाईंचे कपडे दोनदा आत घ्यावे लागले, हे मास्तरांनीच मला सांगितलं.

एका संध्याकाळी त्या बाहेर आल्या, हातात जाड अहवाल, चेहरा पांढराफटक.

"अहो, सगळं ठीक लिहिलंय. तरी सही करवत नाही."

"पुन्हा वाच."

"दुसऱ्यांदाच वाचलाय."

मास्तर गिऱ्हाइकाच्या कमरेशी टाचण्या लावत होते. तोंडातली टाचणी काढून म्हणाले, "हे बघ, कापडाकडे बघत बसून कुठे खुपतं ते मला आजवर कळलेलं नाही. मी याला चालायला लावतो. अडखळला की तेवढीच शिवण उसवतो."

"अहवाल कसा चालवू?"

"अहवाल नको गं. लिहिणाऱ्याला चालव."

ते गिऱ्हाईक मी होतो. पण माझं सगळं लक्ष टाचणीच्या टोकाकडे, त्यामुळे बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

दुसऱ्या दिवसापासून निरीक्षकाने रिकाम्या हाताने यायचं आणि पाच मिनिटांत आपली बोट सांगायची. जिथे माणूस अडखळेल, तेवढंच पान बाई उघडत. बाहेरच्या बाकावर निरीक्षकांची परीक्षेला बसल्यासारखी घोकंपट्टी सुरू झाली.

"पाठ आहे ना रे?"

"बायकोचा वाढदिवस पाठ नाही, बोट कुठली!"

बाई आत धास्तावलेल्याच. एखादा न अडखळता खोटं बोलला तर?

चौथ्या दिवशी मिशीवाले निरीक्षक आले. बावीस वर्षांची नोकरी, मोत्यासारखं अक्षर. त्यांची बोट सगळ्यात मोठी, फेरीला तीनशे माणसं. मुदतीला दोन दिवस उरलेले.

"इंजिन उत्तम. सुकाणू उत्तम. लाइफजॅकेटं तीनशे दहा, एकेक मोजलंय."

"आणि तळ?"

हात मिशीवर गेला. "तळ... ठीक आहे."

बाईंनी पान काढलं. "पत्र्याची जाडी मिलिमीटरपर्यंत लिहिलीय. कोणी मोजली?"

"मॅडम, मापं दरवर्षी तीच येतात."

"कोणी मोजली, विचारतेय."

"बोट त्या दिवशी फेरीवर होती, तळ पाण्याखाली." मग खाली बघून, "गेल्या वर्षीपण होती."

शिपाई सांगतो, बाईंनी अहवाल मिटला आणि पेनाला टोपण लावलं. सही केली नाही. बोट बंद.

दोन दिवस धक्क्यावर नुसता कल्लोळ. "वाचता येत नाही आणि साहेब झालीय!" असं कोणीतरी ओरडलं. तो मी नव्हतो, माझ्या शेजारचा होता. वरून निरोप आला: तळ ठणठणीत निघाला तर बाईंनी खुर्ची सोडायची.

बोट पाण्याबाहेर ओढली. कामगार हातोडीने तळ ठोकत निघाला. टण. टण. टण. बाई उतारावर उभ्या, पदर बोटाला गुंडाळत आणि सोडत. अर्धा तळ झाला. टण. टण. गर्दीत कोणी हसलं. मास्तर दुकान उघडं टाकून आले होते, ते बाईंच्या शेजारी जाऊन नुसते उभे राहिले.

मग आवाज आला थप्. हातोडी पत्र्यातून आत गेली होती.

बाई खालच्या दगडावर बसल्या. गर्दी पांगायला लागली. मी घरी गेलो आणि त्या दिवशी कोणाला काही सांगितलं नाही.

मोठ्या बाईंना वाचता येतं. दुकानात त्या संध्याकाळी बाईंच्या हातात होता तो याच बोटीचा अहवाल. त्यांनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचला होता, आणि त्यात त्यांना एकही चूक दिसली नव्हती.