भाज्याच्या बांधातले माशाचे दात

कुदळीचा घाव वर्मी बसला आणि बांधाच्या पोटातून गढूळ पाण्याची धार निघाली.

"हां, चालू द्या!" रावबहादुर म्हणाले.

"थांबवा!" मी ओरडलो.

गडी कुदळ तशीच हवेत धरून आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. रावबहादुर म्हणजे रिटायर्ड जज्ज, हातात चांदीच्या मुठीची काठी. मी कॉलेजातला भूगर्भशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे काय, तर प्रोफेसर बोलत असतात तेव्हा टेबलावरचा दगड उचलून मुलांना दाखवणारा माणूस. दोघांत कोणाचं ऐकायचं हे गड्याला न सांगता कळत होतं. पण समोर चंद्राबाई उभी होती. खाचर तिचं होतं, बांध तिचा होता आणि वाहत होतं ते पाणीही तिचंच होतं.

"आवं, पानी चाललं की माजं!" ती म्हणाली. "आत्ता कुटं भात निसवाया लागलंय. आता पानी सुटलं तर दाना भरंल व्हय?"

मावळात भात ज्या शेतात लावतात त्याला खाचर म्हणतात. चारी बाजूंनी मातीचा बांध आणि आत पाणी कोंडलेलं. भाताची लोंबी पोटातून बाहेर पडते, त्याला निसवणं म्हणतात, आणि नेमकं तेव्हा पाणी तुटलं की लोंब्या उभ्या राहतात पण आत दाणा नसतो. नवरात्र तोंडावर आलं होतं. वरचा पाऊस संपत आला होता. गेलेलं पाणी पुन्हा भरणार कुठून? आंबेमोहोर भाताचा वास सगळ्या शिवारात दरवळत होता आणि आम्ही सुशिक्षित माणसं त्याच्या मुळावर उठलो होतो.

हे कशासाठी चाललं होतं ते सांगतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. पुण्यात निसर्गाची आवड असलेल्या गृहस्थांचं एक मंडळ होतं आणि रावबहादुर त्याचे अध्यक्ष होते. श्रावणात ते भाज्याची लेणी बघायला आले होते. परतताना मळवली स्टेशनच्या वाटेवर, ओढ्याच्या काठी, त्यांच्या काठीला काहीतरी लागलं. उचलून बघतात तर त्रिकोणी, धारदार, करंगळीच्या नखाएवढा दात! शेजारी शिंपले. रावबहादुरांनी तरुणपणी विलायतेत शार्क माशाचा एक दात विकत घेतला होता. तो लाखो वर्षांपूर्वीचा, दगड झालेला. घड्याळाच्या साखळीला तो ते कायम अडकवून ठेवत. दोन्ही दात शेजारी धरले आणि त्यांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला : मावळात पूर्वी समुद्र होता.

मग काय! मंडळाची सहल ठरली. रविवारी सकाळच्या गाडीनं डबे, स्टोव्ह, छत्र्या आणि एक मोठा कॅमेरा घेऊन आम्ही मळवलीला उतरलो. आमचे प्रोफेसर देवस्थळी पाहुणे म्हणून आणि मी हातोडा-पिशवी वाहायला.

खरं सांगतो, सकाळ मजेत गेली. एरवी कोर्टात आणि बँकेत कडक चेहऱ्यानं बसणारी माणसं धोतरं खोचून ओढ्याच्या काठानं वाकून चालत होती. दात सापडला की पोरासारखी ओरडत होती. खाचराकडं आलेल्या चंद्राबाईला देवस्थळींनी, हे दात इथं केव्हापासून आहेत, ते विचारलंही; लग्न होऊन आल्यापासून बघतेय, एवढं सांगून ती घरी गेली. पुराच्या पाण्यानं खाचराचा बांध ओढ्याच्या बाजूनं खरवडला होता आणि तिथं चक्क थर दिसत होते. मातीचा थर, मग शिंपल्यांचा पट्टा, पुन्हा माती, पुन्हा शिंपले.

"प्रत्येक पट्टा म्हणजे समुद्राची एक स्वारी," रावबहादुर म्हणाले. "समुद्र आला, गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. काय देवस्थळी?"

"असं म्हणायला जागा आहे," देवस्थळी म्हणाले. आमच्या प्रोफेसरांची विद्या मोठी होती, पण मोठ्या माणसापुढं ती मूग गिळून बसायची.

मला पहिल्या क्षणापासून हे पटलं नव्हतं. सगळा सह्याद्री लाव्ह्याचा आहे. जमिनीतून तापलेला रस आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. चुलीवरच्या घावनात मासा सापडत नाही, तसा या काळ्या दगडात शार्क सापडत नाही. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात कुठं कुठं तळी साठली होती आणि त्यांतल्या गोगलगाई दगड होऊन मिळतात, हे मला माहीत होतं. पण त्या गोड्या पाण्याच्या. शार्कला समुद्र लागतो.

पण आमच्या धंद्यात नुसतं "असं असणं शक्य नाही" म्हणून भागत नाही. जे समोर आहे ते काय आहे, हे सांगावं लागतं. म्हणून मी गप्प राहून शिंपले चाळत बसलो. चाळता चाळता माझी करमणूक व्हायला लागली. सगळे शिंपले मोठे, आणि दोन-तीनच जातींचे. समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बघा. तिथं बारीक-मोठे, फुटके-तुटके, शंभर प्रकार मिळतात. समुद्र निवडून टाकत नाही. निवडतं ते माणूस. मग पट्ट्यात एक कोळशाचा तुकडा मिळाला. त्याच्या खाली कोंबडीच्या तंगडीचं हाड. मी ते खिशात टाकलं आणि जेवणं झाली की सांगू म्हणून ठरवलं.

जेवणं होतात तोवर रावबहादुरांनी पाटलांकडून दोन गडी आणवले सुद्धा. बांध आरपार कापायचा, थर किती आत जातात ते बघायचं आणि फोटो घ्यायचा, असा त्यांचा बेत. बांध कापू का, हे चंद्राबाईला कोणी विचारलं नव्हतं. तिचा नवरा खंडाळ्याला रेल्वेच्या गँगमध्ये होता. ती धावत आली तेव्हा कुदळ पडली होती.

देवस्थळींनी मला बाजूला ओढलं. "अहो, तुम्हाला काय पडलंय? कॉलेजचं नवं दालन रावबहादुरांच्या शब्दावर उभं राहतंय. एका बांधाचं काय घेऊन बसलात? बाईला भरपाई देऊ."

"सर, दाणा भरला नाही तर भरपाई कशाची देणार?" मी म्हणालो. मला त्यांचा रागच आला होता. "आणि तिथं समुद्र नाहीये. तिथं जेवणाची खरकटी आहेत."

"काय म्हणालात?" रावबहादुरांनी ऐकलं होतं.

आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"रावबहादुर, तुम्ही इतकी वर्षं न्याय दिलात. एका बाजूचं ऐकून कधी फाशी दिलीत का?"

"कोणाला फाशी चाललीय इथं?"

"या खाचराला. मला पुरावा मांडू द्या. तोवर स्टे द्या."

जमलेल्या मंडळींत वकील बरेच होते. त्यांना गंमत वाटली. रावबहादुरांच्या मिशा हलल्या. रागानं की हसून, ते कळलं नाही. पण त्यांनी काठी आडवी धरली आणि गड्यानं कुदळ खाली ठेवली.

पाण्याला मात्र स्टे ऑर्डर कळत नाही. धार वाढायला लागली होती. चंद्राबाईनं इकडं तिकडं बघितलं, डोक्यावरचं गोणपाट ओढून भोकात कोंबलं आणि त्याला पाठ लावून खाली बसली. चिखलात, पाय पसरून. "बोला काय बोलायचं त्ये," ती म्हणाली. "पर बिगीबिगी बोला. पानी लय जोर करतंय."

मी चहाचा स्टोव्ह मागवला. आमच्याकडं ॲसिडची बाटली होती, पण तिचा इथं उपयोग नव्हता. ॲसिडचा थेंब टाकला की ताजा शिंपला फसफसतो आणि जुनाही फसफसतो. दुसरी युक्ती सोपी आहे. प्राण्याच्या हाडात, दातात, नुसता चुना नसतो. आत मांसासारखा एक चिवट पदार्थ असतो. लाखो वर्षं जमिनीत काढली की तो निघून जातो, त्याची जागा खनिज घेतं आणि दाताचा दगड होतो. मग तो तापवला तर कसलाही वास येत नाही. ताजा असेल तर केस जळाल्यासारखी घाण सुटते.

"तुमच्या साखळीचा दात द्या," मी रावबहादुरांना म्हणालो.

"हा? हा जाळणार?"

"जाळणार नाही. टोक तापवणार. तो खरा असेल तर त्याला काही होत नाही. खोटा असेल तर तुम्हाला आज कळेल."

देवस्थळींनी डोळे मिटून घेतले. रावबहादुरांनी क्षणभर माझ्याकडं रोखून बघितलं आणि साखळीतून दात सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. या माणसाबद्दल मला त्या घडीला पहिल्यांदा आदर वाटला. स्वतःची लाडकी वस्तू परीक्षेला द्यायला छाती लागते.

चिमट्यात धरून मी तो ज्योतीवर तापवला. सगळे वाकून हुंगत होते. रॉकेलचा वास सोडून काही नाही.

मग सकाळी बांधाच्या पट्ट्यात मिळालेला दात धरला. काही वेळ काहीच झालं नाही. देवस्थळींनी एक डोळा उघडला. आणि मग असा काही वास सुटला की विचारू नका. मंडळातली बहुतेक माणसं पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. उपरणी नाकाला लागली. एक वकील तर थेट आंब्याखाली जाऊन उभे राहिले.

"मयत फार जुना नाही, रावबहादुर," मी म्हणालो. "आणि हा त्याच थरातला साक्षीदार." मी खिशातलं कोंबडीचं हाड त्यांच्या हातात दिलं. "समुद्रात कोंबड्या नसतात."

रावबहादुरांनी हाड उलटसुलट करून पाहिलं. मग ते चंद्राबाईकडं वळले. आवाज बदलला होता. तो कोर्टातला आवाज असावा.

"बाई, तुमच्या या शेतात पीक नसतं तेव्हा कोणी उतरतं का?"

"उतरत्यात की! चैताला कारल्याच्या देवीची जत्रा न्हाई का? मुंबई, अलिबागकडची कोळी मान्सं येत्यात. देवी त्यांची. गाडीतनं उतरली की तितं लय गर्दी, म्हनून काही घरं हितं आंब्याखाली ऱ्हात्यात. रांधत्यात, खात्यात. कोंबडी आस्ती, सुकी मुशी आस्ती, ओल्या गोनीत शिंपल्याबी आस्त्यात."

मुशी म्हणजे शार्कच. कोळ्यांच्या कालवणातला.

"आणि ते खरकटं?"

"ऱ्हातं हितंच. मग आमी उन्हाळ्यात बांध घालतो, तवा हितलीच माती उचलून वर टाकतो. दर साली एक थर."

सगळे बांधाकडं बघायला लागले. समुद्राची एक स्वारी, दुसरी स्वारी. दर चैत्राला एक.

"मग सकाळी का नाही सांगितलंत?" देवस्थळी तडकले. "विचारलं होतं ना, हे दात केव्हापासून आहेत?"

"मंग सांगितलं की, लगीन होऊन आले तवापासनं बगतेय. तुमी वर्सं इचारली. हितं कोन जेवलं, त्ये कुनी इचारलं?" ती जागची न हलता म्हणाली. "आन आता माजी पाठ भिजली. निकाल काय त्यो सांगा."

रावबहादुर हसायला लागले. आधी मिशीत, मग मोठ्यानं. "समुद्र इथं आला होता हे खरं," ते म्हणाले, "पण तिकीट काढून, आगगाडीनं." त्यांनी काठी गड्याकडं दिली, कोट काढून छत्रीच्या दांड्याला अडकवला आणि धोतर खोचलं. "बाई, उठा. माती कुठली घ्यायची ते दाखवा."

मग जे झालं त्याचा फोटो कोणी काढला नाही, याची मला अजून हळहळ वाटते. कॅमेरा होता, पण कॅमेरावाल्याच्या हातातही घमेलं होतं. चंद्राबाई बांधावर उभी राहून हुकूम सोडत होती आणि आम्ही चिखल आणत होतो.

"आवं, सुकी माती नगं! चिकनी आना. आबा, तुमी वरनं तुडवा, तुमचं वजन चांगलं हाय."

आबा म्हणजे रावबहादुर. ते निमूटपणे तुडवत होते. देवस्थळींचा एक बूट आत रुतला तो आतच राहिला. काढायला गेलो तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, गळती बसली त्येनं." प्रोफेसर संध्याकाळच्या गाडीनं एका बुटात पुण्याला गेले. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्याची भीती मला वाटली नाही. बूट सापडत नसला तरी माझं म्हणणं खरं होतं.

दालन उभं राहिलंच. रावबहादुर शब्दाला पक्के होते. एका कपाटात त्यांनी स्वतः दोन दात शेजारी शेजारी ठेवायला लावले, एक विलायतेचा आणि एक भाज्याचा, टोकाला काळा पडलेला. विलायतेचा दात साखळीवरून कायमचा उतरला.

दिवाळीनंतर मी मुद्दाम मळवलीला उतरलो. मनात धाकधूक होती, खोटं कशाला बोलू? भाताची कापणी होऊन पेंढ्यांची उडवी रचली होती. चंद्राबाईनं एक लोंबी ओढून माझ्या हातावर चोळली. तूस उडालं आणि पांढरे, भरलेले दाणे राहिले. "कोपऱ्यातलं तेवढं पोचट गेलं. बाकी समदं भरलं." ती म्हणाली आणि परत कामाला लागली.

पुढं मी शिकवायला लागलो. नवी मुलं आली की हातोडा मागतात. मी त्यांना आधी काडेपेटी देतो आणि सांगतो, लाखो वर्षांकडं जायचं आहे, जाऊ. पण वाटेत चैत्र लागतो. आधी तिथं कोण जेवलं, ते विचारून या.