भोंग्याने फोडलेला पेपर

"बंद घराचं विचारून राह्यले बे! सर्वेक्षणाले गेला अन् दाराले कुलूप असलं, तं काय करशीन?"

मुलाखतीच्या खोलीचं दार पुरतं लागलंही नव्हतं आणि भोंगा बाहेर बाकावर बसलेल्या आम्हा उमेदवारांना आतला प्रश्न ओरडून सांगत होता. संख्याशास्त्रातल्या पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती, आणि जागा एकच. मिळाली तर मला संशोधन, नाही तर आष्टीला काकांचं बियाण्यांचं दुकान. आणि हा शहाणा प्रतिस्पर्ध्यांना पेपर वाटत होता! "म्या म्हटलं, पुन्हा जाईन," म्हणून उत्तरही देऊन मोकळा.

भोंगा सिंदी रेल्वे या गावचा. तो हळू बोलला की वर्ध्यात ऐकू जायचं. मोठ्यानं बोलला की नागपूरकर खिडक्या लावून घ्यायचे. एम.एस्सी.ला आम्ही बोरगाव मेघेत एका खोलीत राहायचो. फेलोशिपची जाहिरात निघायच्या आधीच त्याच्या नाकाला तिचा वास लागायचा. मग गच्चीवरून पुकारा: "नवी फेलोशिप निघाली! परवा शेवटची तारीख! सर्टिफिकेट काढलं नसन तं आजच पळा!" मला जाहिरात सापडली, तर मी मोबाइल उशीखाली घालून झोपायचो.

"तुले गर्दी वाढवाची हौस काऊन बे?" मी एकदा चिडून विचारलं.

"नमुना मोठा पाह्यजे," तो म्हणाला. "दोघांतून निवडलं, तं निवडलं कायचं?"

मत्सर माझ्या अंगात जन्मतः नव्हता. तो भोंग्यानं मला शिकवला, तोही फुकट. आमचे गाईड त्याला आपल्या डब्यातली भाकर द्यायचे, मला संदर्भग्रंथांची नावं. खानावळीच्या काकू त्याच्या वरणावर तुपाची धार धरायच्या. ती धार तुटेस्तोवर माझं जेवण आटोपून, हात धुऊन, शतपावली व्हायची.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला घरोघर जाऊन महिन्याचा खर्च विचारायचा होता. कुलूप दिसलं की आम्ही शेजाऱ्याचा आकडा थोडा वाकवून तिथे बसवायचो. तर्रीपोहे थंड होत असताना माणूस दुसरं काय करणार? भोंगा मात्र परत जायचा. एका बंद घरी तर इतक्यांदा गेला, की गल्लीतली कुत्री त्याला पाहून शेपटी हलवायला लागली आणि घरमालकाला पाहून भुंकायला. शेवटी घरमालकानं त्यालाच किल्ली दिली. म्हणाला, "येतच असतोस, तं कुंड्याइले पानी टाकत जा."

"आकडा भेटला का पन?" मी विचारलं.

"भेटला. मोगराही फुलला."

तर, माझी पाळी आली. आत तोच प्रश्न! माझ्या मनात लाडवांचा अख्खा डबा फुटला. "पुन्हा जाईन," मी भोंग्याच्या दुप्पट रुबाबात म्हणालो.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि पुन्हाही कुलूपच असेल तर?"

हे भोंग्यानं सांगितलंच नव्हतं! "शेजाऱ्यांचा आकडा..." एवढं माझ्या तोंडून निसटलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

जागा भोंग्याला मिळाली. मी आष्टीला येऊन पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, बियाणं विकू लागलो, आणि प्रत्येक पाकिटासोबत गिऱ्हाइकाला ही गोष्ट फुकट द्यायला लागलो: पहिला प्रश्न गावभर ओरडला आणि घात करणारा दुसरा तेवढा पोटात ठेवला. लबाड! तालुक्यात असा शेतकरी उरला नाही, ज्याला भोंग्याचं कपट पाठ नाही.

परवा तो दुकानात आला. पीएच.डी. झाली, पुढच्या संशोधनासाठी परदेशातूनही पैसे मिळाले, निरोप घ्यायला आला होता. बाजाराचा दिवस, तरी त्याच्या एका हाकेनं अख्ख्या आष्टीचा गलका खाली बसला. "तुह्या वयात बसते अशी एक फेलोशिप निघाली बे! भरून टाकजो!" काकांसमोर, गिऱ्हाइकांसमोर! माझ्या अंगाची अशी आग झाली, की मिरचीचं बियाणं पाकिटातच उगवलं असेल.

तो निघाला, तेव्हा राहवलं नाही. "एक सांग. दुसरा प्रश्न काऊन लपवला तू?"

"कोनता दुसरा?"

"पुन्हाही कुलूपच असलं तं?"

भोंग्यानं बॅग खांद्याला लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच हळू आवाजात म्हणाला,

"मले तो विचारलाच नाई."