बहिणींची वर्गणी

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा पुण्यात असताना कारखान्याच्या युनियनमध्ये होते. अमेरिकेला येताना त्यांनी लोणच्याच्या बरण्या जुन्या पत्रकांत गुंडाळून आणल्या, आणि मी मराठी वाचायला शिकले ती त्या तेलकट कागदांवर. 'बदक' वाचता येण्याआधी मला 'पिळवणूक' वाचता येत होतं.

म्हणून मी कॉलेजात सोरोरिटीत नाव घातलं तेव्हा बाबांनी फोन सरळ आईकडे दिला. सोरोरिटी म्हणजे मुलींची सभासद-संस्था. सगळ्या एका मोठ्या घरात राहतात, छातीवर एकसारखी पिन लावतात आणि एकमेकींना 'सिस्टर' म्हणतात.

"फुकट नसेल ना?" आईनं विचारलं.

"नाही गं, ड्यूज असतात. म्हणजे वर्गणी."

"बहीण व्हायलाही वर्गणी? बरंय बाई! मग ओवाळणी कोण घालतं?"

वर्गणी हा शब्द मी सहज वापरला, पण सगळी गफलत त्याच शब्दात होती. मला माहीत असलेली वर्गणी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची. शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलच्या दाराशी एक काका बसायचे. डॉक्टर मंडळी आली की म्हणायचे, "साहेब, यंदा हात सैल सोडा." नुकताच देशातून आलेला एखादा विद्यार्थी खिसे चाचपायला लागला की म्हणायचे, "तू आधी जेवून घे रे." कुणी किती दिले हे काका कुणाला सांगत नसत. गणपतीही विचारत नसे.

माझ्या खोलीत राहणारी मुलगी पेनसिल्व्हेनियातल्या पोलादाच्या गावची. तिचे वडील भट्टीवर कामाला होते. आम्ही दुसऱ्या वर्षात असताना तो कारखाना बंद झाला आणि तिचे ड्यूज थकले. नियम सरळ होता: सत्र संपेपर्यंत पैसे भरले नाहीत तर सभासदत्व जातं, आणि सभासदत्वाबरोबर घरातली खोलीही. सवलत मिळायची, तिला 'हार्डशिप' म्हणत. पण त्यासाठी मुलीनं समितीपुढे बसून घरची परिस्थिती स्वतः सांगायची. तोपर्यंत सोमवारच्या सभेत हजेरी घेताना तिचं नाव गाळायचं. ती माझ्या शेजारी पांढऱ्या ड्रेसमध्ये ताठ बसलेली असायची. हजेरी माझ्या नावापर्यंत यायची आणि तिला ओलांडून पुढं जायची.

"जा ना समितीपुढे," मी म्हटलं. "सांग त्यांना, या देशात कारखाने कसे बंद होतायत ते."

"देशाचं तू सांग. मला त्यांच्यासमोर बसून बाबांबद्दल बोलायचं नाही. माझे बाबा म्हणजे माझी हार्डशिप नव्हेत. त्यांची नोकरी गेलीय, एवढंच."

"मग मी बोलते सभेत."

"बोल. पण माझं नाव घेऊ नकोस."

"हजेरीतसुद्धा घेत नाहीत, मी कशाला घेऊ?"

त्यावर ती हसली. त्या महिन्यात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

सोमवारी मी उभी राहिले. घरातली सगळी पत्रकं माझ्या घशात गोळा झाली होती. मी म्हटलं, ज्या घरात बहिणीला आपलं दुःख पुराव्यासकट मांडावं लागतं ते घर नव्हे, कचेरी आहे. समिती बंद करा, नाव गाळणं बंद करा. आमच्या गणपतीला देतात तसं, जिला जेवढं जमेल तेवढं तिनं द्यावं, उरलेलं बाकीच्यांनी मिळून भरावं.

"आणि कुणाला किती जमतं हे ठरवणार कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

"जिचं तिनं ठरवायचं."

हशा पिकला. खजिनदार मुलगी मात्र हसली नाही. ती वाईट नव्हती. नियम तिनं केलेला नव्हता, फक्त तो राबवायची पाळी तिच्यावर आली होती. ती म्हणाली, "स्वयंपाकीणबाईंना मी जमेल तेवढा पगार देऊ शकत नाही. संस्थेचं मुख्य ऑफिसही आपल्याकडे जमेल तेवढं मागत नाही. तुझ्या गणपतीला बिलं येत नसतील, आपल्याला येतात."

याचं उत्तर माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. तरी मी बसले नाही. शेवटी हात वर झाले. आधी थोडे, मग इकडंतिकडं बघून आणखी. सर्वांत शेवटी खजिनदाराचा. ठराव झाला: थकबाकी सगळ्यांनी मिळून भरायची, तिला काही विचारायचं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की शेजारची खुर्ची रिकामी आहे.

मी धावत जिना चढले. ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"जिंकलो आपण! तुला समितीपुढे जायची गरजच नाही."

"ऐकलं मी जिन्यातून. छान बोललीस."

"मग बॅग कशाला भरतेयस?"

तिनं स्वेटरची बाही सरळ केली. "तुमच्या गणपतीला पैसे दिले, जेवले, की माणसं आपापल्या घरी जातात. हो ना? मला उद्या सकाळी यांच्याच टेबलावर बसायचंय. परवाही. कुणी काही बोलणार नाही, उलट सगळ्या गोड वागतील. लोणी माझ्याकडे आधी सरकवतील. नाही जमणार मला."

मी तिच्याशी वाद घातला. एकजूट आणि उपकार यांतला फरक तिला समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि घड्या घालत राहिली. मी माझ्या बाजूनं बरोबर होते, आजही तेच म्हणेन. पण माझ्या ठरावात तिला बाकीच्यांच्या बरोबरीनं बसता येईल अशी जागा नव्हती, आणि तिच्याशिवाय ते कुणाला दिसलं नाही.

तिनं पिन काढून खजिनदाराच्या हातात दिली. लॉन्ड्रीच्या वर एक स्वस्त खोली तिनं आधीच बघून ठेवली होती. सामान वर चढवून आम्ही दोघी पायरीवर घाम पुसत बसलो.

"आता मी कुणाची सिस्टर नाही," ती म्हणाली. "चल, सँडविच खाऊ. तुझे पैसे तू दे, माझे मी देते."